खातं बदललं, हे सांगितलं कोणी?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या अकाउंट्सच्या खोलीत थोडा वेळ बसून पाहावं. टॅली उघडं असतं, सीएंचा दोनदा फोन येऊन गेलेला असतो आणि मालकांनी सकाळीच बजावलेलं असतं की छोट्या पुरवठादारांपैकी कुणाचंही पेमेंट अडकून राहता कामा नये. ही घाई उगाच नसते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटलेली रक्कम 31 मार्चपर्यंतही दिली नाही, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्राप्तिकर कायद्यातली ही तरतूद 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाली आणि तेव्हापासून मार्चअखेरीला आरटीजीएसची रांग आणखी लांबली.

समजा, नेमक्या त्या गर्दीत एक मेल येतो. पार्टी ओळखीची, विषय ओळखीचा. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. नवी असते ती एकच ओळ: ‘आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट सुरू असल्यामुळे या वेळचं पेमेंट सोबत दिलेल्या खात्यात करावं.’ खाली लेटरहेडवरचं पत्र, गोल शिक्का, सही आणि कॅन्सल चेकचा किंचित तिरपा काढलेला फोटो.

हा मेल खरा की खोटा, हे आता त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने ठरवायचं असतं. त्याचा पगार बेताचा आणि हाताखालून जाणारी रक्कम लाखांची. त्याला आजवर जो सल्ला मिळत आला तो असा: शुद्धलेखन तपासा, पत्ता नीट पाहा, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मेलकडे कितीही निरखून पाहिलं तरी खातं खरं की खोटं हे मेलमधून कळत नाही. ते मेलच्या बाहेर जाऊनच कळतं. आणि बाहेर जाऊन विचारायची मोकळीक त्या माणसाला आहे का, हा प्रश्न आपल्याकडच्या पेढ्यांनी आणि कंपन्यांनी अजून पुरेसा मनावर घेतलेला नाही.

निरखून पाहण्याची मर्यादा किती, याचा धडा आपल्याला 2015 मध्येच मिळाला. ओएनजीसीने हजिरा बंदरातून सौदी अरेबियाच्या आरामको कंपनीला नाफ्था विकला होता. पैसे येईनात म्हणून चौकशी झाली तेव्हा कळलं की समोरच्याने ते कधीच पाठवले होते, मात्र दुसऱ्याच खात्यात. मधे कुणीतरी ओएनजीसीच्या नावाने मेल पाठवून नवं खातं कळवलं होतं. त्या मेलच्या पत्त्यात कंपनीचं नाव ‘ओ-एन-जी-सी’ऐवजी ‘ओ-जी-एन-सी’ असं होतं. मधली दोन अक्षरं फक्त पुढेमागे झाली होती. प्रकरण 197 कोटी रुपयांचं असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. तेलाच्या धंद्यातली दोन मोठी नावं आणि त्यांच्यामध्ये जागा बदललेली दोन अक्षरं.

मराठी वाचणाऱ्याला यातली मेख चटकन कळावी. घाईने लिहिलेला ‘ख’ आपण ‘रव’ वाचतो, ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत करतो, जुन्या बारीक छपाईत ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांत मिसळतात. ओळखीचा शब्द डोळा अक्षर लावून वाचत नाही, त्याचा आकार पाहून पुढे जातो. इंग्रजी पत्त्यात ‘आर’ आणि ‘एन’ जोडून लिहिले की ‘एम’ दिसतो, छोट्या ‘एल’च्या जागी एकचा आकडा खपून जातो. मोबाइलवर तर पत्ता दिसतच नाही, फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं आणि ते नाव कुणालाही हवं ते टाकता येतं. दिवसाला दीडशे मेल पाहणाऱ्या माणसाकडून अशी अक्षरतपासणी दरवेळी होईल, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

शिवाय पत्ता शंभर टक्के खरा असूनही मेल खोटा असू शकतो. पुरवठादाराच्या कार्यालयात कुणीतरी कधीतरी एका नकली लॉगिन पानावर पासवर्ड टाकून बसलेलं असतं. चोर लगेच काही करत नाही. तो त्या मेलबॉक्समध्ये गुपचूप बसून राहतो, कोण कुणाला ‘साहेब’ म्हणतं आणि कोण ‘भाऊ’, बिल कोणत्या तारखेला निघतं, पैसे किती दिवसांत येतात, हे सगळं वाचत राहतो. विशिष्ट पार्टीचे मेल परस्पर दुसरीकडे वळतील अशी सोय करून ठेवतो. मग मोठं बिल निघतं त्या दिवशी त्याच संभाषणात, त्याच पत्त्यावरून, त्याच भाषेत दोन ओळी पाठवतो. मेल खरा, धागा खरा, बिल खरं, खातं तेवढं त्याचं. अशा मेलमध्ये चूक शोधणारा हमखास हरतो, कारण शोधण्याजोगी चूक तिथे नसतेच.

शुद्धलेखनाच्या चुकीने पैसे वाचल्याचं उदाहरण आहे, पण ते जुनं. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून चोरांनी पैसे काढले तेव्हा श्रीलंकेला निघालेल्या 2 कोटी डॉलरच्या आदेशात ‘फाउंडेशन’ हा शब्द चुकला होता. मधल्या बँकेने तो हेरला आणि ती रक्कम थांबली. फिलिपिन्सकडे गेलेले 8.1 कोटी डॉलर मात्र गेले. आज संगणकच चोरांना स्वच्छ इंग्रजी लिहून देतो, आणि मराठीही.

कागदपत्रं पाहून तरी खात्री पटावी? लिथुआनियाच्या इव्हाल्डास रिमासाउस्कासने 2013 ते 2015 या काळात गुगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांकडून मिळून 12 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उकळली. या दोन्ही कंपन्या तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटरकडून खरोखरच सामग्री घेत असत. या माणसाने लाटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली, तिच्या नावाने खाती उघडली आणि बनावट बिलं, करार, शिक्के जोडून मेल पाठवले. डिसेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. मेलची यंत्रणाच ज्यांनी जगाला पुरवली त्या गुगलचे पैसे मेलवरून आलेल्या बनावट बिलाने जातात, तर वाडीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीतल्या कारकुनाला लेटरहेड पाहून फसल्याबद्दल कोणत्या तोंडाने बोलायचं?

आता दुसरा प्रकार. तो पुरवठादाराच्या नावाने येत नाही, आपल्याच साहेबांच्या नावाने येतो, आणि आपल्याकडच्या कार्यालयांना त्याचाच धोका अधिक आहे.

नोव्हेंबर 2018. टेक्निमॉन्ट या इटालियन अभियांत्रिकी समूहाची मुंबईतली कंपनी. तिच्या प्रमुखाला समूहाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या नावाने मेल आले, पत्ता हुबेहूब वाटावा असा. चीनमध्ये एक कंपनी विकत घ्यायची आहे, व्यवहार अत्यंत गोपनीय आहे, इटलीतून पैसे पाठवण्यात नियमांची अडचण आहे, तेव्हा भारतातून पाठवा. पुढे कॉन्फरन्स कॉल झाले, कुणी वरिष्ठ अधिकारी बनलं, कुणी स्वित्झर्लंडचा वकील. एका आठवड्यात 56 लाख, 94 लाख आणि 36 लाख डॉलर अशा तीन हप्त्यांत 1 कोटी 86 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 130 कोटी रुपये, हाँगकाँगच्या खात्यांत गेले आणि लगोलग काढून घेतले गेले. चौथ्या हप्त्याची तयारी सुरू असताना समूहाचे वरिष्ठ पदाधिकारी भारतात आले आणि प्रत्यक्ष बोलण्यातून सगळं उघडं पडलं.

सप्टेंबर 2022 मध्ये पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर संदेश आले. पाठवणाऱ्याने आपण कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला असल्याचं भासवलं आणि काही खात्यांमध्ये ताबडतोब पैसे पाठवायला सांगितलं. कंपनीतून 1 कोटी 1 लाख 1 हजार 554 रुपये गेले. पूनावालांनी असा कोणताही संदेश पाठवलाच नव्हता, हे नंतर कळलं.

या दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञानाचं ज्ञान कमी पडलं असं म्हणता येणार नाही. कमी पडलं ते एक वाक्य: ‘साहेब, हे तुम्हीच पाठवलंय ना?’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत उच्चारणं सोपं नसतं. साहेब मीटिंगमध्ये असतात, विमानात असतात, ‘एवढंही कळत नाही का’ म्हणून खेकसतात. आदेश आला की तामील करायचा, उलट विचारणं म्हणजे अविश्वास, ही आपली जुनी सवय. चोराला ती पक्की ठाऊक असते, म्हणून अशा मेलमध्ये तीन गोष्टी सहसा असतातच: घाई, गोपनीयता आणि वरच्या माणसाचं नाव. ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका’ हे वाक्य दिसलं की तत्क्षणी फोन उचलावा.

फोन मात्र आपण लावायचा, तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. मेलच्या खाली दिलेल्या नंबरवर फोन केला तर चोरच उचलतो आणि अगदी अदबीने सांगतो की हो, खातं आमचंच. नंबर घ्यायचा तो दोन वर्षांपूर्वीच्या बिलावरचा, भिंतीवरच्या दिवाळीच्या कॅलेंडरवरचा, नाहीतर ज्या माणसाशी आजवर बोलत आलो त्याचा. समोरून आलेल्या कॉलवर विसंबणंही धोक्याचं झालं आहे. 2024 च्या सुरुवातीला अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराचा मेल आला तेव्हा त्याला संशय आला होता. पण नंतरच्या व्हिडिओ कॉलवर त्याला कंपनीचे वित्त प्रमुख आणि सहकारी दिसले, बोलले, आणि संशय मावळला. ते सगळे चेहरे संगणकाने बनवलेले होते. त्याने 15 वेळा मिळून 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले.

नागपूरच्या बाजारात एक सवय रुजली आहे: आधी एक रुपया टाकून पाहायचा. सवय चांगली, पण ती अर्धवट पाळली जाते. रुपया टाकला आणि ‘मिळाला का’ हे मेलवरच विचारलं, तर मिळाला असंच उत्तर येणार, कारण खातं ज्याचं, उत्तर देणाराही तोच. रुपया मिळाल्याची खात्री फोनवरूनच करावी, आणि ती जुन्या माणसाकडून. बाकी काही खुणा हाताशी ठेवाव्यात. आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बँक सांगतात, शेवटची सहा शाखा सांगतात. तीस वर्षं गांधीबागेत धंदा करणाऱ्या पार्टीचं खातं अचानक दोन राज्यांपलीकडच्या शाखेत निघालं, तर विचारायलाच हवं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा 27, आणि त्यापुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव दिसतं. ते नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर पेमेंट थांबवावं.

खात्यावरच्या नावाची ही गोष्ट जरा खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. इतवारीसारख्या जुन्या पेठांतला व्यवहार एके काळी हुंडीवर चाले. शाहजोग हुंडीचा नियम असा होता की तिचे पैसे रस्त्यावरच्या कुणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शहालाच ते दिले जात, आणि हुंडी बनावट निघाली तर त्या शहाला रक्कम व्याजासह परत करावी लागे. पैसे घेणारा कोण, हे देणाऱ्याला ठाऊक असे आणि घेणाऱ्यावर जबाबदारी असे. बँकेच्या संगणकीय व्यवस्थेत ही ओळखच गळून पडली. एनईएफटी, आरटीजीएस करताना आपण खातेदाराचं नाव लिहितो खरं, पण रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. केवळ क्रमांकावरून रक्कम जमा करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 14 ऑक्टोबर 2010 च्या परिपत्रकाने बँकांना दिली होती. म्हणजे ‘अमुक इंजिनीअरिंग वर्क्स’ असं नाव लिहून पाठवलेले पैसे भलत्याच माणसाच्या बचत खात्यात बिनबोभाट जमा होऊ शकत होते. अशी भाड्याने घेतलेली खाती, म्हणजे चार पैशांसाठी कुणीतरी दुसऱ्याच्या हवाली केलेलं पासबुक आणि एटीएम कार्ड, हाच या सगळ्या गुन्ह्याचा कणा आहे.

रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024 रोजी आदेश काढला आणि 1 एप्रिल 2025 पर्यंत आरटीजीएस, एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय विनाशुल्क द्यायला बँकांना सांगितलं. हे फार चांगलं पाऊल आहे, आणि ते खूप उशिरा आलं. नाव दिसलं तरी ते पाहायचं की नाही, हे पाठवणाऱ्यावरच सोडलेलं आहे. आपल्या बँकेच्या नेट बँकिंगमध्ये ही सोय नेमकी कुठे आहे, हे अकाउंटंटला मालकांनी समोर बसून दाखवायला हवं. शाखेत स्लिप भरून आरटीजीएस करणाऱ्यांनी काउंटरवर नाव विचारून घ्यायला हवं. बँकांनीही नाव जुळत नसेल तर पडद्यावर ठळक इशारा द्यावा, ही मागणी चेंबर आणि उद्योजकांच्या संघटनांनी लावून धरण्याजोगी आहे. रिमासाउस्कासने तर खऱ्या कंपनीच्याच नावाची कंपनी काढली होती, तेव्हा नाव जुळलं तरी फोन चुकत नाही.

गेलेले पैसे कुणाचे गेले, यावरून उठणारं भांडण चोरीइतकंच जाळतं. खरेदीदार म्हणतो, तुमच्याच मेलवरून खातं आलं, मी पैसे पाठवले, हा व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. विकणारा म्हणतो, माझ्या खात्यात छदाम आला नाही, माल मात्र तुमच्या गोदामात पडून आहे. दोघंही खरं बोलतात. बापाच्या वेळेपासूनचा व्यवहार असतो, एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेलेले असतात, आणि आता वकिलाची नोटीस निघते. बँकेकडे जावं तर तिचं उत्तर तयार असतं की पैसे तुम्हीच पाठवले. जुलै 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचे जे नियम केले, ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. फसून का होईना, स्वतःच्या हाताने पाठवलेल्या रकमेला त्यांचा आधार मिळणं कठीण.

ब्रिटनने 7 ऑक्टोबर 2024 पासून वेगळा रस्ता धरला. तिथे फसवणुकीला बळी पडून स्वतः पैसे पाठवलेल्या व्यक्तींना, अगदी छोट्या उद्योगांना आणि धर्मादाय संस्थांना 85 हजार पौंडांपर्यंतची भरपाई द्यावी लागते आणि ती पाठवणारी बँक व घेणारी बँक निम्मी निम्मी सोसते. चोराचं खातं ज्या बँकेत उघडलं गेलं तिलाही झळ बसते, हे यातलं महत्त्वाचं. इतवारीतल्या शहाला हा नियम नवा वाटला नसता. आपल्याकडे असं काही होईपर्यंत हातात आहे तो वेग. पैसे गेल्याचं कळताच 1930 या मदत क्रमांकावर फोन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि स्वतःच्या बँकेला लेखी कळवणं, हे त्याच तासात व्हायला हवं, कारण चोर ती रक्कम पुढच्या दहा खात्यांत फोडण्याआधी गोठवली तरच परत मिळण्याची आशा. डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालू असतं. शनिवारी रात्री गेलेले पैसे सोमवारी बँक उघडेपर्यंत थांबत नाहीत. शरमेपोटी दोन दिवस घरी न सांगणारा माणूस ते दोन दिवस चोराला देतो.

म्हणून खरी गरज आहे ती मालकांनी एक नियम तोंडी सांगून, कागदावर सही करून भिंतीवर लावण्याची. खातं बदलल्याचा निरोप कुणाचाही असो, पार्टीचा, सीएंचा, अगदी माझ्या मुलाचा किंवा माझा, जुन्या नंबरवर फोन झाल्याशिवाय पेमेंट जाणार नाही, आणि त्यामुळे उशीर झाला तर बोल मी ऐकेन. हे शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. ते नसेल तर नियम भिंतीवर राहतो आणि अकाउंटंट घाबरून बटण दाबतो. ठराविक रकमेच्या वर एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, ही बँकेने दिलेली सोय छोट्या फर्ममध्येही चालू करून घ्यावी. दोन्ही पासवर्ड एकाच डायरीत ठेवू नयेत.

आता पुन्हा त्या मार्चमधल्या खोलीत यावं. समजा, तिथल्या माणसाने मेल बाजूला ठेवला, जुन्या बिलाची फाइल काढली आणि इतवारीतल्या दुकानाला लँडलाइनवर फोन लावला.

‘भाऊ, तुमचं खातं बदललं का?’

‘नाही ना! कोनं सांगतलं तुमाले? आमचं खातं तेच हाय.’

‘तुमचाच मेल आलाय सकाळी. ऑडिट चालू आहे म्हणून.’

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि पोराला हाक मारलेली ऐकू येते, की पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदल आणि मागच्या महिन्यात ज्यांना ज्यांना बिलं पाठवली त्या सगळ्यांचे नंबर काढ. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, आणि त्या यादीतल्या पहिल्या नंबरवर घंटी वाजू लागते.